हौद्यातील पेटी

प्रवासास निघणाऱ्याने घर मागे ठेवून निघावे, हा आपल्याकडील जुना शिरस्ता. अमेरिकेत मात्र सेवानिवृत्तीनंतर घरच मोटारीला जोडून निघणाऱ्यांचा एक मोठा पंथ आहे, आणि कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरनजीक अनेक वर्षे स्थायिक झालेला माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, व आमच्या वहिनी यांनी त्या पंथाची दीक्षा घेतल्याचे मला त्यांच्या पत्रांतून ठाऊक होते. तथापि पत्रांतून जे कळते ते दऱ्या, डोंगर आणि सूर्यास्त; त्या दऱ्याडोंगरांपर्यंत एवढे अवजड बिऱ्हाड सुखरूप नेण्यासाठी जो सरंजाम बाळगावा लागतो, जो बंदोबस्त ठेवावा लागतो आणि इंचाइंचाचा जो हिशेब मांडावा लागतो, त्याची वार्ता पत्रांत येत नाही. सप्टेंबरात डेन्व्हरहून यूटा राज्याच्या वाळवंटी प्रदेशाकडे त्यांच्यासमवेत जाण्याचा योग आला, आणि त्या प्रवासात ज्या वस्तूने माझे लक्ष निसर्गाच्या बरोबरीने वेधून घेतले ती म्हणजे ट्रकच्या हौद्यात, केबिनच्या पाठीशी आडवी बसवलेली ॲल्युमिनियमची अवजारांची पेटी.

त्या पेटीची महती कळण्यासाठी आधी त्या घराची जोडणी कळली पाहिजे. साधा ट्रेलर मोटारीच्या मागील बंपरापाशी असलेल्या गोळ्याला अडकतो आणि तिच्यामागे फरपटत येतो. ‘फिफ्थ-व्हील’ या नावाने ओळखला जाणारा ट्रेलर तसा नव्हे. त्याचा पुढचा भाग उंच उचललेला असून त्यात निजण्याची खोली असते. त्या खोलीच्या तळातून खाली उतरलेला दोन इंच व्यासाचा पोलादी खुंट, ज्यास किंगपिन म्हणतात, तो ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळजवळ माथ्यावर बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकतो. भार असा आसावर आल्यामुळे मागचे घर वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या मालमोटारीच्या झोताने सहसा झोकांड्या खात नाही. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस याने 1920 च्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वावर चालणारे ट्रेलर बनवले होते, आणि जोडणीसाठी मोटारीच्या मागील भागात विमानाचे हवा भरलेले चाक आडवे बसवण्याची युक्ती योजली होती. आज हौद्यात चाक नाही, पोलाद आहे, तत्त्व तेच.

परंतु आसावर येणारा हा भार फुकट वाहिला जात नाही. साध्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा ओढणाऱ्या गाडीवर पडतो, तर फिफ्थ-व्हीलचा पंधरा ते पंचवीस टक्के. दादाचा ट्रेलर सामानसुमानासह सुमारे 12,000 पाउंडांचा. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे 2,400 पाउंड हौद्यात उतरतात. ट्रकच्या दाराच्या खांबावर निर्मात्याने डकवलेल्या पट्टीवर वाहण्याची मर्यादा 3,800 पाउंड लिहिली आहे. किंगपिनचे 2,400, हिचचे 200, माणसांचे 500 आणि भरलेल्या पेटीचे 300, असा तपशील दादाने मला एका कागदावर मांडून दाखवला आणि शिल्लक राहिलेल्या चारशे पाउंडांभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले. महामार्गावरील एका ट्रक-थांब्यावर वजनकाट्यावर गाडी चढवून त्याने या आकड्यांची खातरजमाही करून घेतली होती. आयुष्यभर अभियंत्याची नोकरी केलेल्या माणसाला कागदावरील बेरीज पुरत नाही. ती काट्यावर रुजू व्हावी लागते.

मग एवढ्या तंग जमाखर्चात ही पेटी हवीच कशाला, असा प्रश्न मी केला. अवजारे ट्रेलरच्या पोटातील कप्प्यांतही राहिली असती.

“ट्रेलर मुक्कामी ठेवून आम्ही ट्रकने रानोमाळ भटकतो,” दादा म्हणाला. “तिथे चाक बसलं, तर जॅक आणायला चाळीस मैल मागे कोण जाणार? जे इंजिनाबरोबर हिंडतं, ते इंजिनाजवळच पाहिजे.”

कारण पटण्यासारखे होते. अडचण जागेची होती. दादाच्या ट्रकचा हौदा आठ फुटी, म्हणजे या जातीतील लांबातला लांब; तरी आस त्याच्या जवळजवळ मध्यावर असल्याने किंगपिनपासून केबिनच्या काचेपर्यंत जेमतेम चार फुटांचे अंतर उरते. ट्रेलरची रुंदी आठ फूट, अर्ध्याने चार. गाडी काटकोनात वळली की ट्रेलरची कड केबिनला खेटू पाहते. म्हणून तर अलीकडील ट्रेलरांचे पुढचे कोपरे गोलसर कापलेले असतात आणि साडेपाच किंवा साडेसहा फुटी हौद्यांचे मालक मागेपुढे सरकणारी हिच बसवतात. या चार फुटांतील वीस इंच पेटीने व्यापलेले, आणि वळणावर ट्रेलरचे नाक त्या पेटीच्या माथ्यावरूनच फिरणार. सबब पेटीची उंची हा सगळ्या प्रकरणाचा कळीचा मुद्दा. हौद्याच्या काठावर ठाण मांडून वर उठणाऱ्या ज्या पेट्या बाजारात सर्रास मिळतात, त्यांपैकी एकही दादाने पसंत केली नाही. सपाट रस्त्यावर हौद्याचा काठ आणि ट्रेलरचे पोट यांत सहा इंचांचे अंतर राखावे असा संकेत आहे. पण पेट्रोलपंपाच्या उतारावर ट्रकची पाठ वर येते आणि ट्रेलरचे नाक खाली झुकते, तेव्हा त्या सहा इंचांचे किती उरतात हे ज्याचे त्याने मोजावे. दादाने मोजले, आणि जिचे झाकण काठाच्या वर येत नाही अशी पेटी निवडली.

झाकणाचीही एक कथा आहे. पेटीला दोन झाकणे. दोन्हींच्या बिजागऱ्या मधोमध, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी पंखांसारखी उघडतात आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून माणसाचा हात आत पोचतो. ट्रेलर सुटा असताना ती पुरती उघडतात. जोडलेला असताना मात्र वर ट्रेलरचे पोट आडवे येते. गॅसच्या दांड्यांवर उसळून उठणारे झाकण त्या पोटावर आपटून ते फोडील, म्हणून दादाने दांड्या काढून टाकल्या आहेत आणि त्यांच्या जागी नायलॉनचा एक पट्टा बांधला आहे. त्याच्या लांबीइतकेच झाकण उठते. तेवढ्या फटीतून हात कोपरापर्यंत आत जातो, खांदा जात नाही. याचा अर्थ असा की, वाटेत जे लागणार ते कडेला आणि वरच्या थरात असले पाहिजे, आणि मुक्कामावर निवांतपणे लागणारे मध्यभागी व तळाशी गेले तरी चालते.

उजव्या झाकणाच्या आतील बाजूस प्लॅस्टिकच्या आवरणात वहिनींच्या वळणदार हस्ताक्षरातील मराठी फेरिस्त चिकटवलेली आहे. पाचरी, हातमोजे, परावर्तक त्रिकोण, हवा मोजण्याचे यंत्र, लांब दांड्याचा पाना, सॉकेटे, टॉर्क पाना, हायड्रॉलिक जॅक, लाकडी ठोकळे, छोटा कॉम्प्रेसर, बॅटरीच्या तारा, फ्यूज, ग्रीस गन, चिकटपट्टी, सुटे खिळे व क्लिपा: अशा क्रमाने जिन्नस आणि त्यांपुढे नग. पिण्याच्या पाण्याची नळी व सांडपाण्याची नळी यांना या पेटीत मज्जाव. त्यांची सोय ट्रेलरच्या परस्परविरुद्ध कप्प्यांत आहे, आणि या सोवळ्याओवळ्यास आधुनिक वैद्यकाचाही पाठिंबा मिळावा.

“दादा, जॅक इतका जड, तो सर्वांत खाली ठेवायला नको का?” मी विचारले.

“वजनाने लावायचं नसतं. कोणत्या क्रमाने गरज पडेल, त्या क्रमाने लावायचं. गाडी थांबली की पहिल्यांदा काय लागतं?”

उत्तर वहिनींनी दिले. “पाचरी. भाऊजी, आधी चाकं बांधायची, मग बाकीचं सगळं.”

हा क्रम निघण्याच्या दिवशी प्रत्यक्ष पाहण्यास मिळाला. मागचा फाळका खाली सोडलेला. ट्रेलरचे नाक त्याच्या स्वतःच्या पायांवर अशा बेताने उभे केलेले की, किंगपिनभोवतीचा पत्रा हिचच्या पाटाहून किंचित खाली राहावा आणि ट्रक मागे येताच पाटाने त्यास उचलून घ्यावे. वहिनी बाजूला उभ्या राहून हाताने खुणा करीत होत्या आणि दादा आरशात त्यांच्या पंजापलीकडे काहीही पाहत नव्हता. जबडा मिटल्याचा खणखणीत आवाज झाला, तरी त्या आवाजावर विसंबण्याची या घरात चाल नाही. विजेरीने आत डोकावून जबडा खुंटाभोवती मिटल्याचे पाहिले, मुठीला क्लिप लावली, विजेची सात पदरी जोडणी केली, ट्रेलर दैवयोगाने सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार अडकवली, आणि मग चाकांखालच्या पाचरी तशाच ठेवून ट्रक थोडासा पुढे ओढून पाहिला. घर जागचे हलले नाही, तेव्हा जोडणी पक्की ठरली. सर्वांत शेवटी पाचरी निघाल्या आणि झाकणाच्या फटीतून पेटीत गेल्या. ज्या वस्तू सर्वांत शेवटी आत गेल्या त्याच मुक्कामी सर्वांत आधी बाहेर येणार, म्हणून त्यांची जागा आपोआपच वरच्या थरात ठरते. वहिनींच्या फेरिस्तीत त्या पहिल्या का, याचा उलगडा मला तेथे झाला.

डेन्व्हरहून पश्चिमेस निघालेला सत्तर क्रमांकाचा महामार्ग रॉकी पर्वताच्या अंगावर चढत चढत सुमारे 11,000 फुटांवरील आयझेनहॉवर बोगद्यात शिरतो. 1973 साली खुल्या झालेल्या या बोगद्याच्या माथ्यावरून खंडाचा जलविभाजक जातो. अलीकडचे पाणी अखेरीस अटलांटिकचे, पलीकडचे पॅसिफिकचे. तोंडाशी 13 फूट 11 इंच उंचीची मर्यादा लिहिलेली आहे, आणि आपल्या ट्रेलरची उंची वहिनींनी ट्रकच्या काचेच्या कोपऱ्यात चिठ्ठीवर लिहून ठेवली असल्यामुळे ती पाटी मी जीव घशाशी न येता वाचू शकलो. पलीकडचा उतार मोठा दांडगा. ब्रेक तापून निकामी झालेल्या मालमोटारींसाठी रस्त्याच्या कडेने वर चढत जाणारे खडीचे पट्टे राखलेले आहेत. दादा ब्रेकवर पाय ठेवून बसला नाही. इंजिनाच्या रोधाने वेग आवरीत, मधूनच ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकांचा आधार घेत तो त्या उतारावरून सावकाश खाली आला आणि घाईतल्या मोटारींना त्याने खुशाल पुढे जाऊ दिले.

व्हेल खिंड ओलांडल्यावर ग्लेनवुड कॅनियन लागते. अरुंद दरीत मधून कोलोरॅडो नदी, तिच्या एका काठाने लोहमार्ग आणि बव्हंशी दुसऱ्या काठाने, खांबांवर पेललेला हा महामार्ग 1992 साली पुरा झाला; नदीची शोभा न बिघडवता चौपदरी रस्ता न्यावा, यासाठी स्थापत्यशास्त्राने तेथे पराकाष्ठा केलेली दिसते. पुढे पॅलिसेडच्या पीचच्या बागा आणि ग्रँड जंक्शन. तेथून हिरवळ विरळ होत जाते आणि यूटाच्या हद्दीत धूसर, पिवळसर, निर्जन पठार पसरते.

त्या पठारावर ग्रीन रिव्हर नावाचे छोटे गाव आहे, खरबुजांसाठी प्रसिद्ध. आम्ही खरबुजे घेतली आणि नदीकाठच्या संग्रहालयात गेलो, जे जॉन वेस्ली पॉवेल याच्या नावाने उभे आहे. 1862 साली शायलोच्या रणांगणावर उजवा हात गमावलेला हा माजी सैनिक 24 मे 1869 रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर याच नावाच्या दुसऱ्या गावाहून, नऊ माणसे व चार नावा घेऊन, तोवर नकाशांत कोरी असलेल्या दऱ्यांमध्ये उतरला. मला कुतूहल वाटले ते त्याच्या सामानाच्या वाटणीचे. शिधा, कपडे, अवजारे यांचे त्याने तीन सारखे हिस्से करून तीन मोठ्या नावांत ठेवले होते, जेणेकरून एक नाव गेली तरी कोणत्याच जिनसाचा पुरता दुष्काळ पडू नये. व्यवस्था चोख होती. अपवाद एकच घडला. उंची मोजण्याचे बॅरोमीटर तेवढे सगळे एकाच नावेत राहिले, आणि जूनमध्ये लोडोरच्या दरीत नेमकी तीच नाव खडकांवर फुटली. सुदैवाने तिचा एक तुकडा पुढे अडकला होता. जीव धोक्यात घालून माणसे तेथवर गेली आणि बॅरोमीटर घेऊन परतली. शिवाय नायकास न सांगता त्यांनी चढवलेले व्हिस्कीचे एक पिंपही सोबत आले. वाटणीचा नियम जेथे मोडला तेथेच संकट नेम धरून येते, असे दादाचे मत पडले, आणि संग्रहालयाच्या आवारातून बाहेर पडताच त्याने पेटीच्या दोन्ही कुलपांवर हात फिरवून पाहिला.

ग्रीन रिव्हर सोडल्यावर पुढील सलायना गावापर्यंत शंभराहून अधिक मैल ना पेट्रोलपंप, ना खानावळ, ना दुरुस्तीचे दुकान. प्रवाशास तशी ताकीद देणारी पाटी रस्त्यावर आहे. सॅन राफेल स्वेल या नावाच्या प्रचंड खडकाळ उंचवट्यातून हा रस्ता 1970 साली खुला झाला. पूर्वेकडून येताना करवतीच्या दात्यांसारखी उभी भिंत समोर येते आणि तिच्यातील एका अरुंद घळीतून सुरुंगांनी वाट काढून महामार्ग वर चढतो. ती चढण आम्ही चढलो, आणि माथ्यावरील थांब्याच्या अलीकडेच ट्रेलरच्या चाकांतील हवेवर नजर ठेवणाऱ्या यंत्राने सूचना दिली. डाव्या अंगाच्या मागील टायरातील दाब 80 वरून 60 पर्यंत उतरला होता आणि उतरतच होता.

थांब्यावर वाहनांपासून दूर, सपाट जागी गाडी उभी राहिली. टायरात एक स्क्रू रुतलेला. त्यापुढचा अर्धाअधिक तास मी ज्या तटस्थ कौतुकाने पाहिला, त्यात घबराट कोठेच नव्हती. सारा कारभार जवळजवळ फेरिस्तीच्याच क्रमाने चालला. पट्ट्याने अडवलेले झाकण जेमतेम उठले. वहिनी नावे वाचीत होत्या, मी फटीतून हात घालून वस्तू काढीत होतो, दादा त्या लावीत होता. प्रथम पाचरी, मग त्रिकोण, हातमोजे, चाक जमिनीवर टेकलेले असतानाच लांब दांड्याच्या पान्याने नट सैल केले, कारण उचललेले चाक पान्याबरोबर फिरते आणि नट जागचा हलत नाही. मग लाकडी ठोकळा, त्यावर जॅक, तोही मनाला येईल तेथे न लावता निर्मात्याने सांगितलेल्या जागी, चौकटीच्या पोलादी तुळईखाली. ट्रेलरच्या पाठीवरची स्टेपनी उतरली आणि बसली. नट ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळले, नाहीतर चाक एका अंगाला कलून बसते. आणि शेवटी टॉर्क पान्याने 120 फूट-पाउंडांचा टिचकीसारखा आवाज प्रत्येक नटापाशी ऐकून घेतला. एकही वस्तू शोधावी लागली नाही. भोवताली लाल-करड्या खडकांची एवढी विशाल सभा भरलेली असताना माझे लक्ष वीस इंच रुंदीच्या पेटीतील सुव्यवस्थेकडे लागले होते, याचा मला विषाद वाटत नाही. त्या सुव्यवस्थेमुळेच पुढे त्या खडकांकडे निश्चिंतपणे पाहता आले.

नव्याने बसवलेल्या चाकाचे नट काही मैलांनंतर पुन्हा तपासावे लागतात. ते पुढच्या थांब्यावर एकदा आणि सलायनाला पुन्हा तपासले, आणि सायंकाळी आम्ही रिचफील्डच्या तळावर मुक्काम केला.

तेथे आमच्या शेजारी नेब्रास्काचा एक वृद्ध शेतकरी उतरला होता. त्याच्या हिचच्या मुठीची क्लिप वाटेत कोठेतरी पडली होती आणि तिच्या जागी तो सुतळी बांधून आला होता. दादाने ट्रेलर सुटा केलेला असल्यामुळे पेटीची दोन्ही झाकणे पुरती उघडी होती; त्याने तळाच्या डब्यातून एक क्लिप काढून म्हाताऱ्याच्या हातावर ठेवली. म्हातारा पैसे देऊ लागला, दादा घेईना. शेवटी अर्धे खरबूज म्हाताऱ्याच्या टेबलावर गेले आणि आम्हीही त्याच टेबलाशी बसलो. चारशे पाउंडांचीच शिल्लक असताना प्रत्येक क्लिप दोन नग कशासाठी, हे मी फेरिस्त वाचताना विचारले होते आणि त्या वेळी कोणी उत्तर दिले नव्हते.

“एक आपली,” खरबुजाची फोड पुढे करीत वहिनी म्हणाल्या, “आणि एक वाटेतल्या माणसाची. भाऊजी, या पेटीतलं निम्मं सामान परक्यांच्याच कामी आलंय.”

पॉवेलनेही हिस्से केले होते, ते आपल्याच माणसांसाठी. ज्याची गाठ अजून पडली नाही त्याचा हिस्सा धरून सामान भरणे ही त्यापुढची पायरी झाली, आणि ती चढायला दादाला कोणत्याही संग्रहालयात जावे लागले नव्हते. दुसऱ्या दिवशी टॉरीमार्गे कॅपिटल रीफच्या वाटेला लागण्यापूर्वी त्याने रिचफील्डच्या दुकानातून तशीच दुसरी क्लिप आणली, पंक्चर काढून टायर स्टेपनीच्या जागी चढवला, आणि वहिनींनी फेरिस्तीवरील एकचा आकडा खोडून तेथे पुन्हा दोन केल्यावरच ट्रकची किल्ली फिरली.